वस्तीतल्या वयस्कर माणसांना खरी जबाबदारी कशी द्यायची

कुठलाही ग्रुप घ्या, सोसायटी, वाचनालय, शाळा, भजनी मंडळ, काहीही. वयस्कर माणसांसाठी तिथे दोनच जागा ठरलेल्या असतात, एक पहिल्या रांगेतली खुर्ची आणि दुसरी मदत लागणाऱ्यांच्या यादीतलं नाव. मधली जागा, म्हणजे ज्याच्यावर काम अवलंबून आहे अशा माणसाची, ती तरुणांना आणि मधल्या वयाच्यांना मिळते. हे बदलायचं असेल तर नेमकं काय काय करावं लागतं ते इथे लिहितेय. तुम्ही ग्रुप चालवणारे असा किंवा स्वतःच साठी ओलांडलेले असा, दोघांनाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी एक कसोटी लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जिला काम दिलंय ती वयस्कर व्यक्ती उद्या आली नाही तर कुणाचं काम अडेल का? अडत असेल तर जबाबदारी खरी. अडत नसेल तर आपण त्यांना फक्त बसवून ठेवलंय, मग पदाचं नाव सल्लागार असो नाहीतर मार्गदर्शक.

आता थोडं मागचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय बोलणी चुकतात. म्हातारपण म्हणजे काय हे शरीर जितकं ठरवतं तितकंच समाज ठरवतो. टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघितलं की वयस्कर बायका खूप मेहनत करून कंद खणतात, आणि आई नवीन बाळात गुंतलेली असताना मोठ्या नातवंडांचं पोषण आजीच्या कष्टांवर चालतं. तिथे आजी कमावती आहे, तिला वेगळा मान द्यायला कार्यक्रम घ्यावा लागत नाही. शेतीवर जगणाऱ्या समाजात पाणी कुठे लागतं, कुठल्या वर्षी काय झालं होतं, जमिनीची हद्द कुठे, हे ज्याच्या डोक्यात तो माणूस महत्त्वाचा. मग छापील पुस्तकं आली, शाळा आल्या, नोंदी आल्या, आता खिशात फोन आलाय, आणि आठवणींचा साठा म्हणून जी गरज होती ती बरीचशी संपली.

दुसरी गोष्ट म्हणजे निवृत्तीचं वय. जर्मनीत चान्सलर बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला तेव्हा वय ठरलं ७०, ते १९१६ मध्ये ६५ केलं. अमेरिकेने १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेसाठी ६५ च घेतलं. म्हणजे ज्या आकड्याला आपण 'आता वय झालं' म्हणतो तो पेन्शनचा हिशोब जुळवायला काढलेला आकडा आहे, त्या वाढदिवसाला शरीरात काही बटण बंद होत नाही. आणि हे आकडे ठरले तेव्हा बरेच लोक तिथवर पोचायचेच नाहीत. १९५० मध्ये जगाचं सरासरी आयुर्मान ४६-४७ वर्षांच्या आसपास होतं, आता ७३ च्या आसपास आहे, आणि २०१८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा ६५ च्या पुढची माणसं पाच वर्षांखालच्या मुलांपेक्षा जास्त झाली. तर नोकरी सुटल्यावर धडधाकट अशी पंधरा-वीस वर्षं मिळणं ही मानवजातीसाठीच नवीन गोष्ट आहे, त्या वर्षांत काय करायचं याची तयार पद्धत आजवर कुणाकडे नव्हतीच, ती आपल्यालाच बसवायची आहे. म्हणून 'पूर्वी कसा मान होता' असं म्हणत बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

बरं, आता प्रत्यक्ष कामाकडे.

पहिलं काम म्हणजे विचारणं, आणि इथेच बहुतेक ठिकाणी गाडं अडतं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'काका, तुम्हाला काय करायला आवडेल?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'आता माझ्याच्याने काय होणार, तुम्ही तरुणांनी करा.' हा विनय असतोच असं नाही. वय झालं म्हणजे आपला उपयोग संपला हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत येतो आणि साठीनंतर तेच स्वतःला लावतो. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांचा २००२ चा अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ओहायोतल्या पन्नाशीच्या पुढच्या ६६० लोकांनी स्वतःच्या वय वाढण्याबद्दल काय वाटतं ते आधी सांगितलेलं होतं, पुढे बघितलं तर ज्यांचं मत चांगलं होतं ते सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले, आणि तब्येत, पैसा वगैरे गोष्टी हिशोबात धरूनही फरक राहिला. नुसतं चांगलं वाटून घेतलं की आयुष्य वाढतं असा सरळ अर्थ काढू नका, पण 'माझ्याच्याने काय होणार' हे वाक्य ऐकून आपण परत फिरायचं नाही, एवढं यातून नक्की घ्या.

मग विचारायचं कसं? एकट्याने भेटा. शक्यतो घरी किंवा त्या जिथे रोज बसतात तिथे. मुलगा-सून समोर असतील तर तेच उत्तरं देतात, अगदी प्रेमानेच देतात, 'बाबांना आता जमत नाही ओ', आणि बाबा गप्प होतात. एकटे असले की तीन गोष्टी विचारा. लोक अजून तुमच्याकडे काय विचारायला येतात? इथली कुठली गोष्ट बघून तुम्हाला चीड येते? आणि कुठलं काम तुम्हाला आता परत आयुष्यात करायचं नाहीये? हा शेवटचा प्रश्न सोडू नका, कारण आपण काय करतो की चाळीस वर्षं हिशोब तपासलेल्या माणसाला लगेच खजिनदार करतो, शिक्षिका होत्या म्हणून त्यांच्याकडे मुलांचा वर्ग देतो, आणि त्यांना कदाचित त्याच कामाचा वीट आलेला असतो, त्यांना झाडं लावायची असतात किंवा मोबाईलवर व्हिडिओ एडिट करायला शिकायचं असतं. चिडीचा प्रश्न पण मोलाचा आहे, ज्याला रस्त्यातल्या अंधाराची चीड येते तो माणूस दिव्यांचा पाठपुरावा सहा महिने न कंटाळता करतो.

बोलताना ते जुन्या आठवणींत शिरतील, शिरू द्या. घड्याळ बघू नका. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं होतं की म्हातारपणी मागचं आठवत राहणं हे डोकं चालेनासं झाल्याचं लक्षण नाही, माणूस आपल्या आयुष्याचा हिशोब लावत असतो आणि ते गरजेचं काम आहे. तोवर बरेचसे डॉक्टरही त्याकडे बिघाड म्हणूनच बघायचे. आणि आपल्या दृष्टीने बोलायचं तर त्या आठवणींतच कळतं की या बाईंनी एकदा पूर आला तेव्हा पूर्ण शाळेचं जेवण सांभाळलं होतं, जे कुठल्याही फॉर्ममध्ये आलं नसतं.

दुसरं काम, वस्तीची खरी गरज शोधा. इथे क्रम महत्त्वाचा आहे. 'ज्येष्ठांसाठी काहीतरी उपक्रम करूया' इथून सुरुवात केली की शेवट हास्यक्लबवर होतो (हास्यक्लबला माझा विरोध नाही, पण ती करमणूक झाली). 'आपल्याकडे काय अडलंय' इथून सुरुवात करा.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भक्कम उदाहरण झिम्बाब्वेचं आहे. अख्ख्या देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, डिप्रेशनचे रुग्ण भरपूर. २००६ मध्ये डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी हरारेतल्या एम्बारे भागात काम सुरू केलं तेव्हा ना दवाखान्यात खोली होती ना नर्स मोकळ्या होत्या. होत्या त्या वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या चौदा आज्या. मग दवाखान्याबाहेर बाक टाकले, आज्यांना ट्रेनिंग दिलं, आणि त्या बाकावर बसून लोकांशी बोलायला लागल्या. काय बोलायचं तेही नीट ठरलेलं होतं, समोरच्याच्या सगळ्या अडचणी ऐकायच्या, त्यातली एक निवडायला लावायची, तिच्यासाठी जमेल असं छोटं पाऊल त्याच्याकडूनच काढून घ्यायचं, आणि पुढच्या वेळी काय झालं ते विचारायचं. २०१६ मध्ये याची रीतसर चाचणी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आली, सहा महिन्यांनी बाकावर आलेल्या लोकांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. ही पद्धत पुढे इतर देशांतही गेली.

या गोष्टीत थोडं थांबा, कारण लोक यातून 'आजीची माया' एवढंच उचलतात. माया होतीच. पण त्या आज्या तिथेच राहणाऱ्या होत्या, कुठे निघून जाणार नव्हत्या, लोक त्यांना ओळखत होते, त्यांच्याकडे बसायला वेळ होता, हे झालं त्यांचं स्वतःचं भांडवल. त्यावर ट्रेनिंग चढवलं, पद्धत दिली, अडलं तर विचारायला वरती माणूस ठेवला. आपण नेहमी यातली एकच बाजू करतो. एकतर अनुभव आहे म्हणून ट्रेनिंगच देत नाही, 'तुम्हाला काय शिकवायचं, तुम्हीच आम्हाला शिकवा', आणि माणूस नव्या कामात गोंधळतो. नाहीतर ट्रेनिंग असं देतो की जणू समोरच्याला काहीच येत नाही. दोन्ही टाळा.

तिसरं म्हणजे कामाला नीट आकार द्या. 'जमेल तेव्हा या' हे ऐकायला सोयीचं वाटतं पण त्याचा अर्थ 'नाही आलात तरी चालेल' असाच पोचतो. वार ठरवा, वेळ ठरवा, काम कुठे सुरू आणि कुठे संपतं ते सांगा. अमेरिकेत एक्सपीरियन्स कॉर्प्स नावाच्या कार्यक्रमात साठीच्या पुढची माणसं प्राथमिक शाळेत लहान मुलांना वाचायला मदत करायची, तर त्यात आठवड्याला साधारण १५ तास मागितले होते, आणि एका शाळेत एकटं माणूस न पाठवता टीम पाठवायचे. १५ तास म्हणजे थोडेथोडके नाहीत, पण मुद्दाम तसं ठेवलं होतं, इतका वेळ दिला तरच शाळेला फरक पडतो आणि त्या माणसाच्या स्वतःच्या हालचालीला, डोक्याला, ओळखीपाळखीला पण. तुमच्याकडे दोन तासांपासून सुरू करा हरकत नाही, पण जोडी मात्र नक्की करा. एकाची तब्येत बिघडली, बाहेरगावी जावं लागलं, तर दुसरा सांभाळतो आणि पहिल्याला अपराधी वाटत नाही. अडलं पाहिजे असं वर म्हटलंय ते खरंच, पण जोडीदाराचं अडलं पाहिजे, अख्खा कार्यक्रम कोसळता कामा नये.

आणि अधिकार द्या. किल्ली द्या, थोडा पैसा खर्च करायची मुभा द्या, निर्णय त्यांच्या सहीने होऊ द्या. काम दिलं आणि प्रत्येक वेळी तीस वर्षांच्या पोराला फोन करून विचारावं लागलं तर ती जबाबदारी नाही, हेलपाटा आहे.

सगळ्यांनाच शिकवायला किंवा बोलायला आवडतं असंही धरून चालू नका. विशेषतः बरेच पुरुष रिटायर झाल्यावर एकदम गप्प होतात, ऑफिस हीच त्यांची ओळख असते आणि मित्रही तिथलेच. त्यांना 'या, गप्पा मारूया' म्हटलं की येत नाहीत. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात मेन्स शेड सुरू झाले, म्हणजे साधी वर्कशॉप, हत्यारं ठेवलेली, लाकूडकाम करा, तुटलेलं दुरुस्त करा. समोरासमोर बसून बोलायला लाजणारे लोक शेजारी शेजारी काम करताना आपोआप बोलतात, तब्येतीचं, एकटेपणाचं, सगळं. तर असा कुणी असेल तर त्याच्या हातात आधी वस्तू द्या, बोलणं येईल मागून. आणि ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज बघा, १९७३ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरात सुरू झाली, पुढे ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात तिने असं रूप घेतलं की सभासदच एकमेकांना शिकवतात, परीक्षा नाही, पदवी नाही, आज इतिहास शिकवणारा उद्या चित्रकलेच्या वर्गात शेवटच्या बाकावर. हे करायला पैसे जवळजवळ लागत नाहीत, एक खोली आणि एक वेळापत्रक पुरतं.

तरुण आणि वयस्कर एकत्र आणताना एक गोष्ट फार जपा. मुलांना घेऊन जायचं, त्यांनी गाणं म्हणायचं, आज्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो, संपलं. याने मुलांच्या मनात 'बिचारे एकटे असतात' एवढंच बसतं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की दोन गटांतला पूर्वग्रह नुसत्या भेटीने कमी होत नाही, दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते मिळून करावं लागेल असं काम हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. म्हणून एकत्र काहीतरी बनवायला लावा ज्यात दोघांची गरज आहे. वस्तीचा जुना नकाशा काढायचाय, तर आठवण यांची आणि कॉम्प्युटर त्यांचा. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरात एका वृद्धाश्रमात कॉलेजची मुलं फुकट राहतात आणि बदल्यात महिन्याला ३० तास तिथल्या रहिवाशांसोबत चांगले शेजारी म्हणून घालवतात. रोजचं येणं-जाणं, जेवणाचं टेबल एक, त्यामुळे समोरचा माणूस 'वृद्ध' राहत नाही, त्याचं नाव, सवयी, भांडणं कळतात.

बसण्याउठण्याच्या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात पण बरेच लोक त्यामुळेच येणं सोडतात, आणि सांगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वयस्करांना सोयीच्या शहरांबद्दल मार्गदर्शिका काढली, ३३ शहरांत लोकांना विचारून, त्यात बाक आणि स्वच्छतागृह या गोष्टी किती वर येतात बघा. तुमच्या जागेत खुर्चीला हात असू द्या, उठताना लागतात. उजेड जास्त ठेवा, साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच असतो. ऐकण्याबाबत म्हणाल तर वयानुसार आधी बारीक, उंच आवाज जातात, म्हणजे स, श, फ अशी अक्षरं पुसट होतात, त्यामुळे ओरडून उपयोग नाही, तोंड दिसेल असं समोर बसून सावकाश बोला, पंखा आणि मागचा गोंगाट कमी करा. मीटिंग शक्यतो सकाळी ठेवा, बऱ्याच वयस्कर लोकांचं डोकं तेव्हा ताजं असतं. सगळे निरोप फक्त मोबाईल ग्रुपवर टाकू नका, दोन फोन करा.

बोलण्याची पद्धत पण तपासा. लहान बाळाशी बोलावं तसं 'छान हं आजी, आता आपण इथे सही करायची हं', हे आपल्याला गोड वाटतं. अमेरिकेत २००९ मध्ये नर्सिंग होममधल्या डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या लोकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की असं बाळबोली बोललं की ते काळजी घेणाऱ्याला जास्त विरोध करतात. विसरभोळं झालेलं माणूस पण कमीपणा ओळखतं! नाव काय घेतलेलं आवडेल ते विचारा, काहींना काकू-आजी चालतं, काहींना कुलकर्णी मॅडमच राहायचं असतं, तो त्यांचा हक्क आहे.

आता काही धोके, यावर मला जरा जास्तच बोलायचंय.

एक म्हणजे फुकटची मजुरी. 'ज्येष्ठांना काम द्या' म्हणता म्हणता आपण बायकांवर अजून ओझं टाकतो. पुष्कळ आज्या कधी रिटायर झालेल्याच नसतात, आधी मुलं, मग सासू-सासरे, मग नवरा, आता नातवंडं. त्यांना तुमच्या ग्रुपमध्ये अजून एक सेवा नकोय, त्यांना दुपारी दोन तास कुणीही हाक न मारता बसायला जागा हवीये, तर ती द्या, तीही मोठी गोष्ट आहे. आणि ज्या कामाला एरवी पैसे दिले असते त्याला पैसे द्या. जपानमध्ये १९७० च्या दशकात टोकियोतून सुरू झालेली सिल्व्हर मनुष्यबळ केंद्रं हेच करतात, वयस्कर लोकांना हलकी, थोड्या वेळाची कामं मिळवून देतात आणि त्याचा मोबदला देतात. वय जास्त आहे म्हणून मेहनत फुकट होत नाही.

दुसरा धोका फक्त तंदुरुस्त लोकांना पुढे करण्याचा. ऐंशीव्या वर्षी मॅरेथॉन धावणाऱ्यांचे फोटो सगळीकडे फिरतात, चांगलंच आहे, पण त्यातून अंथरुणाला खिळलेल्याला असं वाटतं की आपण म्हातारपणातही नापास झालो. पूर्वी म्हातारपण म्हणजे नुसती उतरती कळा असं चित्र होतं, आता त्या जागी 'कायम तरुण राहा' हे आलंय, आणि मला तरी दुसरं पहिल्याइतकंच निर्दय वाटतं. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी फोनवरची कामं काढा. एकट्या राहणाऱ्या दहा जणांना रोज सकाळी फोन करायचा आणि कुणी उचलला नाही तर कळवायचं, हे काम खाटेवरून होतं आणि त्याने खरोखर जीव वाचू शकतो. कुणी नाही म्हणालं तर नाही, कारण विचारू नका, आणि तीन-चार महिन्यांनी परत एकदा विचारा, परिस्थिती बदललेली असते.

तिसरं, खुर्ची न सोडणारे. हे सगळीकडे असतात आणि त्यांच्यामुळे तरुण मंडळी सगळ्याच वयस्करांना टाळायला लागतात. यावर उपाय एकच, मुदत. प्रत्येक पदाला दोन वर्षं म्हणा, तीन म्हणा, पण ती मुदत पंचविशीच्या सेक्रेटरीलाही तितकीच लागू हवी, नाहीतर तो वयावरून केलेला भेदभाव होतो. एखाद्याचं काम खरंच घसरत असेल, चुका होत असतील, तर वयाचा शब्द न काढता चुकीबद्दल बोला, जसं कुठल्याही माणसाशी बोलाल तसं.

राहता राहिलं काम कमी करत नेणं, ज्याची तयारी कुणीच करत नाही. काम देतानाच सांगून ठेवा की दर सहा महिन्यांनी आपण बसू आणि काय ठेवायचं, काय सोडायचं ते ठरवू. मग आज वर्ग घेणाऱ्या बाई पुढे फक्त धडे तपासतील, नंतर नव्या शिक्षकाच्या शंका फोनवर सोडवतील. प्रत्येक टप्प्यावर वर सांगितलेली कसोटी लावून बघा, आणि जे काम उरलंय त्यासाठी त्यांच्याकडेच फोन जाईल अशी सोय करा. ते काम आता कोण करतंय आणि त्या व्यक्तीला काय काय माहीत आहे हे वहीत लिहून ठेवायला त्यांच्याचसोबत एक तरुण जोडीदार वर्षभर आधीच बसवा, शेवटच्या महिन्यात धावपळ करून ते होत नाही.